घर कुणाच्या नावावर? अमेरिकी फ्रॅटर्निटींची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या एखाद्या फ्रॅटर्निटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या ग्रीक अक्षरी नावाच्या संघटनेत, रॅगिंगपायी मुलगा दगावल्याची बातमी आली, की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच निघतो : कॉलेज हे खपवून कसं घेतं? उत्तराचा बराचसा भाग मालकीच्या कागदपत्रांत असतो. ज्या घरात हे घडतं ते पुष्कळदा कॉलेजचं नसतंच. फार पूर्वी शिकून बाहेर पडलेल्या माजी सदस्यांच्या कंपनीचं ते असतं. हे कसं झालं, ते पाहायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

ग्रीक अक्षरांचं नाव, शपथ, गुप्त हस्तांदोलन, पदक हा सरंजाम ५ डिसेंबर १७७६ला व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघालेल्या फाय बीटा कॅपापासूनचा. तिचं काम मात्र वादविवादाचं आणि निबंधवाचनाचं होतं, आणि पुढे ती हुशार विद्यार्थ्यांचा गौरव करणारी संस्था झाली. आजच्या अर्थाची फ्रॅटर्निटी जन्मली ती न्यूयॉर्क राज्यात, स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजात. तिथे १८२५मध्ये कॅपा अल्फा आणि १८२७मध्ये सिग्मा फाय व डेल्टा फाय निघाल्या. त्या काळी कॉलेज म्हणजे सक्तीची प्रार्थना, लॅटिन-ग्रीकची घोकंपट्टी आणि चोवीस तास प्राध्यापकांची पाळत. मास्तरांच्या नजरेआड आपलं असं काहीतरी हवं, एवढीच मुलांची भूक होती.

वेळ मात्र वाईट होती. फ्रीमेसन या गुप्त मंडळाची गुपितं छापायला निघालेला विल्यम मॉर्गन १८२६मध्ये त्याच राज्यातून बेपत्ता झाला, आणि गुप्त मंडळींविरुद्ध देशभर रान उठलं. युनियनचे अध्यक्ष एलिफॅलेट नॉट यांनीही बंदीचा बडगा उगारला, पण मागाहून ते नरमले. तोवर, १८३१मध्ये, सिग्मा फायने हॅमिल्टन कॉलेजात दुसरी शाखा काढली होती. शाखा म्हणजे चॅप्टर. एकाच नावाच्या अनेक चॅप्टरांची ही युक्ती सगळ्यांनी उचलली. ओहायोतल्या मायामी विद्यापीठात १८३९मध्ये बीटा थीटा पाय, १८४८मध्ये फाय डेल्टा थीटा, १८५५मध्ये सिग्मा काय निघाली. मुलींच्या संघटना १८६७पासून, मनमथ कॉलेजातून.

इथवर कुणाकडे घर नव्हतं. भाड्याची खोली, नाहीतर खाणावळीची माडी. काय साय या फ्रॅटर्निटीने १८४०च्या दशकात मिशिगनमध्ये अॅन आर्बरच्या झाडीत लाकडी ओंडक्यांची झोपडी उभारली. पहिलं चॅप्टर हाऊस म्हणून तिचंच नाव घेतात. यादवी युद्धानंतर कॉलेजं भराभर वाढली, वसतिगृहं तेवढी वाढली नाहीत. कॉर्नेल विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट स्वतः फ्रॅटर्निटीतले. मुलांना घराची जबाबदारी दिली तर ती सुधारतील, असं त्यांचं मत. शिवाय वसतिगृह बांधायचा खर्च वाचत होता, हे मी माझ्या पदरचं जोडतो.

आता खरी मेख. चॅप्टरचा अध्यक्ष विशीतला, खजिनदार एकोणीस वर्षांचा, आणि चार वर्षांत दोघेही गाव सोडणार. अशांना कर्ज कोण देणार? म्हणून माजी सदस्यांनी हाऊस कॉर्पोरेशन स्थापायची, वर्गणी गोळा करायची, गहाणखतावर सही करायची, आणि राहणाऱ्या मुलांनी भाडं भरायचं, अशी रीत पडली. गणपती मंडळात जशी वर्गणीची पावतीपुस्तकं पोरांच्या हातात आणि मंडळाची जागा जुन्या कार्यकर्त्यांच्या नावावर, तसंच काहीसं.

त्यामुळे चॅप्टरला दोन सत्ताकेंद्रं आली. दैनंदिन कारभार मुलांचा. आठवड्याची बैठक, थकलेली वर्गणी वसूल करणं, स्वयंपाक्याचा पगार, गळणाऱ्या नळासाठी प्लंबर, शरदात नव्या मुलांची पारख म्हणजे रश, मग निवडलेल्यांना बिड म्हणजे सदस्यत्वाचं निमंत्रण. अमेरिकेतल्या कितीतरी पुढाऱ्यांनी पहिली निवडणूक इथेच लढवली, आणि हे शिक्षण खरंच मोलाचं आहे. पण घराच्या किल्ल्या अखेर माजी सदस्यांच्या हातात. भिंतीवर दरवर्षीची सामूहिक तसबीर टांगलेली असते. पन्नाशीचा गृहस्थ कॉलेजच्या फुटबॉल सामन्याच्या शनिवारी येतो, स्वतःचा चेहरा शोधतो आणि सध्याच्या पोरांनी काय बदललं ते बघून नाक मुरडतो.

या पकडीची वाईट बाजू वंशभेदात दिसली. एका नावाच्या सगळ्या चॅप्टरांवर माजी सदस्यांची एक राष्ट्रीय संघटना असते, आणि अशा कित्येक संघटनांच्या घटनेतच काळ्यांना, ज्यूंना मज्जाव होता. अॅमहर्स्ट कॉलेजच्या फाय कॅपा साय चॅप्टरने १९४८मध्ये एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घ्यायचं ठरवलं, तर राष्ट्रीय संघटनेने चॅप्टरलाच बाहेर काढलं. कृष्णवर्णीयांनी आपली वाट आधीच धरली होती. १९०६मध्ये कॉर्नेलला अल्फा फाय अल्फा, १९०८मध्ये हॉवर्ड विद्यापीठात मुलींची अल्फा कॅपा अल्फा. इथे माजी सदस्यत्वाचा अर्थच निराळा. पदवीनंतर गावोगावच्या पदवीधर चॅप्टरांत काम चालू राहतं. मतदार नोंदणी, शिष्यवृत्त्या, सगळं तिथून. पदवीधर झाल्यावर नव्याने सदस्यही होता येतं. मार्टिन ल्यूथर किंग अल्फा फाय अल्फाचे, कमला हॅरिस अल्फा कॅपा अल्फाच्या. अल्फा फाय अल्फात दिवंगत सदस्य ओमेगा, म्हणजे ग्रीकमधल्या शेवटच्या अक्षराच्या, चॅप्टरमध्ये गेला म्हणतात.

फ्रॅटर्निटी बंद करायची तर काय करावं लागतं, हे मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्स कॉलेजने दाखवलं. १९६२मध्ये कॉलेजच्या अँजेव्हाइन समितीने सांगितलं, की सर्व विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय कॉलेजनेच करावी. माजी विद्यार्थ्यांची संतप्त पत्रं आली, देणग्या बंद करण्याच्या धमक्या आल्या, तरी कॉलेज हललं नाही. सोय झाल्यावर घरं हळूहळू कॉलेजकडे आली. नुसत्या बंदीच्या फतव्याने जे साधलं नसतं, ते जेवणघराने साधलं.

मोठ्या विद्यापीठांना तेवढा खर्च झेपणारा नव्हता. त्यात १९८४च्या संघीय कायद्याने राज्यांना दारूसाठी वय २१ करायला भाग पाडलं, आणि एकवीस वर्षांखालच्यांची दारू बारमधून उठून फ्रॅटर्निटीच्या तळघरात गेली. दावे वाढले, विमा महागला. फाय डेल्टा थीटाने २०००पासून घरांत दारूबंदीच केली. हेझिंग म्हणजे आपलं रॅगिंगच, फरक एवढाच की आपल्याकडे ते प्रवेश मिळालेल्याच्या नशिबी येतं आणि तिथे प्रवेश मिळावा म्हणून पोरगा ते आपणहून सोसतो. म्हणून तक्रारही होत नाही.

फेब्रुवारी २०१७मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या बीटा थीटा पाय घरात सदस्य होऊ घातलेल्या १९ वर्षांच्या मुलाला भराभर दारू पाजली गेली. तो जिन्यावरून कोसळला आणि जवळजवळ बारा तास कुणी रुग्णवाहिका बोलावली नाही. तो दगावला. एका माजी सदस्याच्या देणगीतून त्या घराचं लाखो डॉलर खर्चून नूतनीकरण झालं होतं. घरात कॅमेरेही होते, आणि खटल्यात पुरावा म्हणून उपयोगी पडलं ते त्यांचंच चित्रण. माजी सदस्यांनी पैसा ओतला होता, त्या रात्री लक्ष मात्र कुणी ठेवलं नाही.

डिसेंबर २०२४मध्ये बायडेन यांनी सही केलेल्या कायद्याने आता कॉलेजांना हेझिंगचे प्रकार संघटनेच्या नावासकट जाहीर करावे लागतात. घर कुणाच्याही मालकीचं असो, चॅप्टर कॉलेजच्या मान्यतेचं असलं आणि हेझिंगमध्ये दोषी ठरलं, की त्याचं नाव त्या यादीत येणार. ती पालक वाचतील, तसे देणगीचा धनादेश लिहिणारे माजी सदस्यही.