आरोग्य कार्ड आहे, तरी दवाखान्यात बिल का भरावं लागतं? बेळगाव सीमाभागातल्या कुटुंबांसाठी अर्जाची माहिती

"मी तर कार्ड घेऊनच आलो की बाळा, मग पैसे कशाला मागायलेत?" आमच्या टेबलासमोर बसलेल्या आज्जींचा हा प्रश्न. प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड, त्याच्याभोवती रबर. कार्ड अगदी खरं होतं. घोळ होता तो दुसऱ्याच कागदात.

गावातलं तरुण मंडळ, दोन महिला बचत गट आणि आशाताई मिळून आम्ही रविवारी सकाळी समाजमंदिरात टेबल मांडतो. फुकट काम आहे. अर्ज आम्ही मंजूर करत नाही, ते आमच्या हातात नाही. नेण्याआधी कागद तपासून देतो, एवढंच. तिथं बसून कळलं की लोक योजनेच्या नियमांत फारसे अडकत नाहीत, अडकतात ते रेशन कार्डात. म्हणून आधी तेच सांगतो.

योजना थोडक्यात अशी. 'आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक' ही योजना 2018 पासून आहे, नाव मधे थोडं बदललं. अंत्योदय किंवा बीपीएल (दारिद्र्यरेषेखालचं) रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार. हे 5 लाख सगळ्या कुटुंबाला मिळून आहेत, माणशी नाहीत. एपीएल (दारिद्र्यरेषेवरचं) कार्ड असेल किंवा रेशन कार्डच नसेल, तर सरकार ठरवून दिलेल्या दराच्या 30 टक्केच भरतं, तेही वर्षाला दीड लाखाच्या आत. म्हणजे 60 हजारांच्या शस्त्रक्रियेत सरकारचे 18 हजार आणि तुमचे 42 हजार. आज्जींचं नेमकं हेच झालं होतं. मुलाने वेगळं कार्ड काढताना आज्जींना आपल्या एपीएल कार्डात घेतलं आणि जुन्या बीपीएल कार्डातून त्यांचं नाव गेलं. आरोग्य कार्ड तेच राहिलं, पण संगणकावर आज्जी 'सामान्य रुग्ण' झाल्या. घरात कार्ड विभागताना म्हाताऱ्या माणसांना कुठे घालायचं, हे रागाच्या भरात ठरवू नका.

आरोग्य कार्ड काढणं सोपं आहे. आधार, रेशन कार्ड आणि मोबाईल घेऊन 'ग्राम वन' किंवा 'बेळगाव वन' या सरकारी सेवा केंद्रात जायचं. कार्ड हातात नसलं तरी सरकारी दवाखान्यात आधार आणि रेशन कार्डावर तिथेच नोंदणी होते. तेव्हा "कार्ड आलं नाही म्हणून थांबलोय" असं करू नका, दुखणं थांबत नाही.

नावाची भानगड

आपल्याकडे एकाच माणसाची तीन नावं असतात. आधारवर 'महादेव लक्ष्मण पाटील'. कन्नडमधून इंग्रजीत गेलेल्या रेशन कार्डावर 'महादेवा लक्ष्मणा', आडनाव गायब. बँकेत आणखी तिसरंच. कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटचा 'अ' पूर्ण उच्चारतात, तो इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ए' होऊन चिकटतो आणि संगणक म्हणतो, ही दोन माणसं वेगळी. केंद्रातला मुलगा "नाव मॅच होत नाही" म्हणून परत पाठवतो. त्याचाही दोष नाही, पण कोणत्या कागदात दुरुस्ती करायची हे तो सांगत नाही, आणि माणूस तीनदा हेलपाटे घालतो.

आमचा अनुभव असा की आधार बरोबर असेल तर त्याला हात लावू नका, रेशन कार्ड दुरुस्त करून घ्या. आधारच चुकलं असेल तर आधी ते, मग बाकीचं. दोन्ही एकाच वेळी बदलायला टाकलं की दोन्ही अडकतात, हे आम्ही पाहिलंय.

रेशन कार्डातला नात्याचा रकानाही वाचून घ्या. कन्नडमध्ये 'सोसे' म्हणजे सून, 'मगळु' म्हणजे मुलगी. आमच्याकडे एका कार्डात सुनेला मुलगी केलं होतं आणि नवऱ्याला मुलगा. कागदावर भाऊ-बहीण! हसू आलं खरं, पण ती दुरुस्ती व्हायला घरच्यांच्या किती खेपा झाल्या ते विचारू नका. जिथे एखाद्या भाषेचे अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असं भाषिक अल्पसंख्याकांसाठीचं संरक्षण सांगतं. ते जेव्हा होईल तेव्हा होवो. तोवर अर्ज कन्नड वाचता येणाऱ्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या. आमच्या टेबलावर नववीतल्या दोन मुली हेच काम करतात.

सुनेचा कागद, जो कुणाकडेच नसतो

सगळ्यात जास्त अर्ज इथे परत येतात. आपल्या मुली चंदगड-गडहिंग्लजला जातात, तिकडच्या सुना खानापूर-बेळगावात येतात. लग्नात सीमा कुणी बघत नाही, संगणक मात्र बघतो. सुनेचं नाव माहेरच्या महाराष्ट्रातल्या रेशन कार्डात आधार नंबरसकट असतं. तो नंबर तिथून निघाल्याशिवाय इथल्या कार्डात बसत नाही. तिला पाहिजे 'नाव कमी केल्याचा दाखला', आणि तो मिळतो माहेरच्या तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत.

हा दाखला लग्नाच्या गडबडीत कुणी काढत नाही. आठवण होते ती बाळंतपणात किंवा पोटातला गोळा निघाला की. मग माहेरचे म्हणतात, "नाव काढलं तर आमचं धान्य कमी होईल." हा खरा अडथळा आहे आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नाही. आमच्या बचत गटातल्या आक्का स्वतः फोन लावून तिकडच्या आईला समजावतात. सरकारी पत्रापेक्षा तो फोन लवकर काम करतो.

दाखला आला की लग्नाचा पुरावा, आधारवर इथला पत्ता, आणि मग इथल्या कार्डात नाव. याच क्रमाने. सुनेला जातीच्या सवलतीचा फायदा घ्यायचा असेल तर महाराष्ट्रातला जातीचा दाखला इथे तसाच चालेल असं धरून चालू नका. इथे नाडकचेरीतून (म्हणजे जवळच्या महसूल कार्यालयातून) निघालेला, आरडी नंबर (संगणकावरचा दाखल्याचा नंबर) असलेला दाखला मागतात. जुना हाताने लिहिलेला दाखला असलेल्या इथल्या लोकांनाही हेच लागू.

शिफारस पत्राची तारीख

कार्ड दाखवलं की कुठल्याही मोठ्या दवाखान्यात फुकट, असा समज आहे. तसं नाही. साध्या उपचारांसाठी सरकारी दवाखान्यातच जायचं. गुंतागुंतीचा उपचार तिथे होत नसेल तर सरकारी डॉक्टर शिफारस पत्र देतात आणि त्यावर योजनेतल्या खासगी दवाखान्यात जाता येतं. पत्र भरती होण्याआधीचं पाहिजे.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एकाने वडिलांना शुक्रवारी संध्याकाळी थेट शहरातल्या खासगी दवाखान्यात नेलं. हृदयाच्या नसेत अडथळा होता, पण झटका आलेला नव्हता. तिथे म्हणाले, "पत्र सोमवारी आणून द्या, चालेल." सोमवारी पत्र आणलं, त्यावर सोमवारचीच तारीख. मंजुरी नाकारली. वर "आम्ही असं म्हणालोच नाही" हेही ऐकून घ्यावं लागलं. "चालेल" हा शब्द दवाखान्याच्या दारात कुणी म्हणालं तर तो लिहून मागा. लिहून देत नाहीत, म्हणजे चालत नाही.

जीवावर बेतलेलं दुखणं असेल तर शिफारस लागत नाही. योजनेत तातडीच्या उपचारांची वेगळी यादी आहे. मोठा अपघात, हृदयविकाराचा झटका अशा वेळी 108 ला फोन करा आणि योजनेतल्या जवळच्या दवाखान्यात जा. कागदासाठी आधी आरोग्य केंद्रात थांबू नका. पोचल्यावर मात्र लगेच तिथल्या आरोग्यमित्राला गाठा. तो योजनेचा माणूस, दवाखान्याच्या काउंटरवरचा नव्हे. अनेकजण पैसे भरून झाल्यावर त्याच्याकडे जातात, मग परत मिळणं अवघड.

यशस्विनीची मुदत

यशस्विनी ही सहकारी सोसायटीच्या सभासदांसाठीची वेगळी योजना आहे. 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा ग्रामीण भागात चार माणसांच्या कुटुंबाला 500 रुपये, वरच्या प्रत्येकाला 100, असा दर होता. यातही वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. तुमची कृषी पत्तीन (शेतीला कर्ज देणारी) किंवा दूध सोसायटी यात बसते का, ते सचिवांनाच विचारा.

गफलत होते तारखेची. नोंदणीची शेवटची तारीख आणि उपचार सुरू होण्याची तारीख वेगळी असते. पावती हातात पडली की लोक दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला निघतात. दुसरं, जाहीर झालेली तारीख ही सोसायटीने नावं ऑनलाइन भरण्याची असते. सचिव शेवटच्या दिवशी तुमचं नाव भरत बसणार नाहीत, त्यांच्याकडे शेकडो अर्ज असतात. आठवडाभर आधी द्या. आणि "मुदत वाढते दरवर्षी" या भरवशावर राहू नका.

कोल्हापूरला जायचं असेल तर

2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने 865 सीमाभागातल्या गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. कर्नाटकाने विरोध केला आणि 2024 च्या सुरुवातीला बेळगावातली अर्ज भरून घेणारी केंद्रं बंद झाली. राजकारण दोघांचं, खेपा आपल्या. तिकडे जायचं असेल तर रुग्णाला गाडीत घालण्याआधी, त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला फोन करून विचारा की आमचं गाव यादीत दिसतं का आणि रहिवासाचा कोणता दाखला लागेल. कर्नाटकाचं आरोग्य कार्ड कोल्हापुरात आपोआप चालेल असंही समजू नका, तेही आधी विचारा. केंद्राच्या आयुष्मान योजनेची चौकशी 14555 वर होते, कर्नाटकातल्या आरोग्य सेवांची 104 वर.

रविवारी येताना मूळ कागद आणा, झेरॉक्स आम्ही काढतो. ऊसतोड आणि शेतातल्या कामाने अंगठ्याचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही. मग ओटीपीच लागतो. आधारला जोडलेलाच मोबाईल आणा, चार्ज केलेला. तो नंबर पुण्याला गेलेल्या मुलाच्या खिशात असेल तर आम्ही ओटीपी मागू तेव्हा त्याने फोन उचलायला पाहिजे, हे त्याला शनिवारीच सांगून ठेवा.