पेपरमिंट की कॅमल? पट्टे सोडा, चोच बघा

अ‍ॅप्टेशिया म्हणजे काय, हे रीफ टँक (खाऱ्या पाण्यातली प्रवाळांची टाकी) ठेवणाऱ्याला सांगायला नको. रॉकबरोबर किंवा फ्रॅगच्या (प्रवाळाच्या तोडून लावलेल्या तुकड्याच्या) बुडाला चिकटून हा तपकिरी, झिरझिरीत फुलोरा, म्हणजे एक नकोसं सी अ‍ॅनिमोन, घरात येतो, आणि खरवडायला जावं तर उरलेल्या कणातून नवे उगवतात. उपायही सगळ्यांना पाठ आहे: त्याला खाणारी पेपरमिंट श्रिम्प, म्हणजे एक छोटी कोळंबी, सोडा. इथवर ठीक. घोळ होतो तो पुढे. मुंबईहून कसारा घाट चढून नाशिकला येणाऱ्या पिशवीत पुष्कळदा पेपरमिंट नसतेच, कॅमल श्रिम्प असते. मग थोड्या दिवसांनी तीच तक्रार ऐकू येते: "पेपरमिंट काही कामाची नाही, अ‍ॅप्टेशिया तसाच आणि माझे झोआ (छोटे मऊ प्रवाळ) मात्र कुरतडले."

पेपरमिंट, म्हणजे लायस्माटा वुर्डेमनी आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या बहिणी, पश्चिम अटलांटिकातल्या. २००६ मध्ये तिथल्या संशोधकांनी एकच समजली जाणारी ही जात अनेक जातींत विभागली. आपल्याला त्यात पडायचं कारण नाही. कॅमल, ऱ्हिंकोसिनेटिस डर्बनेन्सिस, हिंद-प्रशांत महासागरातली. आपल्याकडे येणारा माल बराचसा त्याच बाजूचा, म्हणून कॅमल सहज मिळते आणि स्वस्तही पडते. कोणी मुद्दाम फसवतंच असं नाही. वरून ज्या नावाने पेटी आली, त्याच नावाने ती विकली जाते.

ओळखायचं कसं? "लाल पट्टे म्हणजे पेपरमिंट" हे आधी डोक्यातून काढून टाका. लाल पट्टे दोघींनाही असतात. फरक इतकाच की पेपरमिंटचं अंग पारदर्शक आणि त्यावर लाल बारीक रेघा, तर कॅमलच्या लाल पट्ट्यांच्या मधून पांढऱ्या रेघा आणि ठिपके. चांगल्या उजेडात हे दिसतं. पण एप्रिल-मेमध्ये ट्रॅव्हल्सच्या डिकीतून तापत आलेली श्रिम्प फिकट पडलेली असते, आणि निळ्या दिव्याखाली लाल रंग काळाच दिसतो. त्या निळ्या दिव्याखालचे हललेले फोटो ग्रुपवर टाकून "ही कोणती?" असं विचारणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. आधी पांढरा दिवा लावा.

कुबड बघा, असंही सांगतात. कॅमलचं कुबड ठळक असतं हे खरं, पण पेपरमिंटही पाठ वाकवूनच उभी राहते, आणि नवख्याला दोन्ही कुबडंच वाटतात.

म्हणून चोच बघा. डोळ्यांच्या मधून पुढे येणारा तो काटा. पेपरमिंटचा आखूड, सरळ आणि पाठीच्या कवचाशी एकसंध, हलत नाही. कॅमलचा लांब, दातेरी, वर वळलेला, आणि मुळाशी कपाटाच्या दारासारखी बिजागरी असलेला. ती चोच वर-खाली करते. या कुटुंबातल्या श्रिम्पना इंग्रजीत बिजागरी-चोचीच्या म्हणतात ते यामुळेच. पिशवी डोळ्यांच्या उंचीला धरा आणि बाजूने बघा, वरून नको. घरी आणून शंका आली तर तिने टाकलेली कात शोधा. बोटावर घेऊन काटा हलक्या हाताने उचलून पाहिलात की उत्तर मिळतं. दुकानात "अजून लहान आहे, मोठी झाली की खाईल" असं ऐकायला मिळालं तर पिशवी परत द्या. वय वाढलं म्हणून कॅमलची पेपरमिंट होत नाही.

बाकी फरक किरकोळ. कॅमल घोळक्याने राहते, पेपरमिंट दिवसा बहुतेक खडकाच्या पोटाला उलटी लटकलेली. पेपरमिंटमध्ये मोठी झालेली प्रत्येक श्रिम्प नरही असते आणि मादीही, त्यामुळे जोडीतल्या दोघींच्या पोटाखाली अंडी दिसली तर दचकू नका.

हा घोळ आपल्याला भारतात जास्त महागात पडतो. कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूचीत आहेत, त्यांना हात लावायचा नाही. मग टँकमध्ये राहतं काय? झोआ, मश्रूम, लेदर असे मऊ प्रवाळ. यातले झोआ आणि मश्रूम कॅमलच्या आवडीचे. अ‍ॅप्टेशियाकडे ती ढुंकूनही बघेल याची खात्री नाही.

खरी पेपरमिंट मिळाली तरी ती जादू नाही. भरपेट पेलेट (गोळी-खाद्य) मिळत असतील तर ती अ‍ॅप्टेशियाच्या वाटेला जात नाही, आणि मोठ्याला घाबरते. मोठ्यांना कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजने थेट तोंडात द्या, पंप बंद करून. पानाच्या टपरीवरचा चुना नको, त्यात काय मिसळलंय कोणाला ठाऊक. आणि माशांच्या औषधातलं तांबं टँकमध्ये असेल तर कोणतीच श्रिम्प टिकणार नाही.

कॅमल आधीच टँकमध्ये असेल तर रात्री बाटलीच्या सापळ्यात कोळंबीचा तुकडा टाकून धरा आणि फक्त मासे असलेल्या टँकवाल्याला द्या. मात्र त्याच्याकडे श्रिम्प खाणारा लायनफिश किंवा ट्रिगर मासा आहे का, एवढं आधी विचारा.