ताकातलं बिस्किट आणि चिमूटभर सोड्याचा हिशेब

ताकात खाण्याचा सोडा घालायचा, भराभर फेस वर आला की "सोडा जागा झाला" म्हणायचं आणि मग ते मिश्रण पिठात ओतायचं, हा प्रकार पाककृतींच्या व्हिडिओंत सर्रास दिसतो. फेस पाहून बनवणाऱ्याला समाधान वाटतं. पण वाटीत जो फेस दिसला तो वायू हवेत गेला, पदार्थ फुगवायला तो परत येणार नाही. अमेरिकन बटरमिल्क बिस्किट करून पाहिलं की हे फार चांगलं कळतं, कारण त्यात यीस्ट नाही, अंडं नाही. चुकीवर पांघरूण घालायला काहीच नाही.

हे बिस्किट चहात बुडवायचं नव्हे. टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा अशा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत सकाळी गरमागरम खातात तो हा मऊ, वरून सोनेरी, हाताने उकलला की पदर सुटणारा छोटा गोल पाव. वर बटर आणि मध, नाहीतर सॉसेजची दाट पांढरी ग्रेव्ही. सोडा घराघरांत पोचण्याआधी तिकडच्या मळेवाल्यांच्या घरी बिस्किटाचं पीठ लाकडी दांड्याने अर्धा-अर्धा तास बडवून काढत. हे काम गुलाम म्हणून राबवल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणींच्या वाट्याला येई. पीठ रसायनाने फुगवता येतं हे कळल्यावर किती कष्ट वाचले असतील याची यावरून कल्पना येते.

त्यासाठी आधी वापरात आली ती लाकडाच्या राखेतून काढलेली आम्लारी. अमेरिकेत दिलं गेलेलं पहिलं पेटंट, ३१ जुलै १७९० चं, सॅम्युअल हॉपकिन्स यांच्या पोटॅश आणि पर्लॅश या राखेतल्या आम्लारी बनवण्याच्या पद्धतीला आहे. १८४६ मध्ये जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च यांनी तिथे खाण्याचा सोडा तयार करून विकायला सुरुवात केली. आता सोडा प्रत्येक वेळी सारखा मिळू लागला, पण आम्ल मात्र घरचंच होतं: लोणी काढून उरलेलं ताक किंवा आंबून घट्ट झालेलं दूध. ते उन्हाळ्यात जास्त आंबट, थंडीत कमी. सोडा किती घालायचा हे रोज नव्याने ठरवावं लागे. हार्वर्डमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक एबेन हॉर्सफोर्ड यांनी ही अडचण हेरली. १८५६ मध्ये त्यांनी कॅल्शियमच्या आम्लधर्मी फॉस्फेटच्या पुडीचं पेटंट घेतलं. आम्लही मोजूनमापून मिळायला लागलं, आणि आजची बेकिंग पावडर त्याच वाटेने आली.

मग आपण ताकातल्या आम्लाचा हिशेब करू. तिकडच्या दुकानात मिळणारं ताक आज घुसळून काढलेलं नसतं. कमी स्निग्धांशाच्या दुधाला लॅक्टोकॉकस आणि ल्युकोनोस्टॉक या जिवाणूंचं विरजण लावून ते करतात. अमेरिकेतल्या मराठी घरांत त्याच डब्यातल्या ताकाची कढीही होते. ते दाट असतं आणि त्यात साधारण ०.८ ते ०.९ टक्के लॅक्टिक आम्ल असतं. चार बिस्किटांच्या छोट्या घाण्याला असं १०० मिलिलिटर ताक लागतं, म्हणजे सुमारे ०.८५ ग्रॅम आम्ल. लॅक्टिक आम्लाचा रेणूभार ९० आणि सोड्याचा ८४, आणि दोघांची गाठ एकास एक पडते. ०.८५ ला ८४ ने गुणून ९० ने भागा, उत्तर येतं ०.७९ ग्रॅम. सपाट भरलेल्या छोट्या चमच्यात जवळजवळ ५ ग्रॅम सोडा मावतो, म्हणजे आपल्याला हवा चमच्याचा सहावा भाग. त्यातून खोलीच्या तापमानाला सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, जवळपास सगळ्या पिठाच्या गोळ्याच्या आकारमानाएवढा! चिमूटभर सोडा एवढं काम करतो.

यापेक्षा जास्त सोडा घातला तर त्याला भेटायला आम्लच उरत नाही. तो ओव्हनच्या उष्णतेने फुटतो खरा, पण दोन रेणूंमागे वायूचा एकच रेणू देतो आणि मागे धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, ठेवतो. साबणासारखी चव येते ती याची. मोठ्या घाण्यात अर्धी चिमूट इकडेतिकडे झाली तर खपते, चार बिस्किटांत खपत नाही. म्हणून छोटा घाणा करणाऱ्याने चमच्याचा अंदाज न घेता मोजायलाच हवं. मी तर म्हणेन, हिशेबापेक्षाही थोडा कमी सोडा घ्या, थोडं आम्ल शिल्लक राहू द्या. ताकाची चव त्यातच आहे. फुगण्याचं उरलेलं काम एक चमचा बेकिंग पावडर करते.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. बुडबुडे कुठून येतात? सोड्यातून, असं कुणीही म्हणेल. पण तयार झालेला वायू आधी पिठातल्या पाण्यात विरघळतो, आणि त्याला बाहेर पडायला बुडबुडा लागतो. नवा बुडबुडा जन्माला येणं महाकठीण असतं. द्रवाचा पृष्ठताण त्याला चहूबाजूंनी चेपत असतो आणि हा दाब असतो दुप्पट पृष्ठताण भागिले त्रिज्या. पृष्ठताण मीटरला ०.०५ न्यूटन धरा. ०.१ मायक्रोमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याला टिकायचं तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा १० लाख पास्कलने, म्हणजे सुमारे १० वातावरणांनी, जास्त हवा. ५० मायक्रोमीटरच्या बुडबुड्याला २,००० पास्कल पुरतात, वातावरणाचा फक्त पन्नासावा भाग. म्हणून वायू नवे बुडबुडे घडवण्याच्या फंदात पडतच नाही. पीठ चाळताना, कालवताना जे हवेचे बारीक कण अडकले, त्यांतच तो शिरतो आणि त्यांना मोठं करतो. निर्वातात मळलेल्या पिठाच्या प्रयोगांतही हेच दिसलं. बुडबुड्यांची संख्या तुमच्या हाताने ठरते, सोडा फक्त आकार वाढवतो.

यातून कृती आपोआप ठरते. सोडा कोरड्या मैद्यात मिसळायचा आणि दोन-तीनदा चाळायचा. ताक फ्रिजमधलं गार हवं, कारण कार्बन डायऑक्साइड गार पाण्यात जास्त विरघळून राहतो. ताक ओतल्यापासून ओव्हनमध्ये जाईपर्यंत रेंगाळायचं नाही.

सोडा आणि आम्लाचा विषय निघालाच आहे तर एक सांगायलाच हवं. सोडा-लिंबूपाणी पिऊन "शरीर अल्कलाईन करा, कॅन्सर बरा होईल" असे निरोप मोबाइलवर अजून फिरतात. लिंबात सोडा घातला की पेल्यातच सायट्रिक आम्लाचं मीठ आणि ढेकर काढणारा वायू तयार होतो. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान ठेवायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं अखंड करत असतात, तेही सोड्यात असतं त्याच बायकार्बोनेटच्या मदतीने. त्यात चमचाभर सोड्याने कर्करोग हटत नाही, उलट सोडियमचा बोजा वाढतो. अशा निरोपांपायी कुणी उपचार लांबवू नयेत.

पदर सुटतात ते बटरमुळे. १२५ ग्रॅम मैद्याला ४५ ग्रॅम अगदी गार बटर, वाटाण्याएवढे तुकडे करून बोटांनी चपटे करायचे, विरघळू द्यायचे नाहीत. बाजारच्या बटरमध्ये १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. २२० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि पिठाचे थर एकमेकांपासून उचलले जातात, तोवर मैद्यातला स्टार्च आणि प्रथिनं घट्ट होऊन तो आकार धरून ठेवतात. ओव्हन पुरेसा तापलेला नसेल तर बटर आधीच वितळून पिठात मुरतं. पाव चमचा मीठ घाला, बटर खारं असेल तर नको. पीठ मळू नका. नुसतं गोळा करा, थापून तीन-चारदा घडी घाला, दोन-अडीच सेंटिमीटर जाड ठेवून सरळ दाबून कापा, आणि १३ ते १५ मिनिटं भाजा. दक्षिणेत यासाठी मऊ गव्हाचा, ८-९ टक्के प्रथिनांचा मैदा वापरतात. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये १८८३ मध्ये सुरू झालेला व्हाइट लिली हा त्यातलाच. आपल्या मैद्यात दोन चमचे कॉर्नफ्लोर मिसळलं तर बराच फरक पडतो.

आपल्याकडचं पाणी घातलेलं ताक मात्र चालणार नाही. निम्मं पाणी असेल तर आम्लही निम्मं, आणि वरचा सगळा हिशेब चुकतो. दाट, आंबट दही अगदी थोड्या पाण्यात फेटून घ्या.

सोडा बेताचाच होता का, हे पाहायची सोय आपल्या मिसळणाच्या डब्यात आहे. भाजलेल्या बिस्किटाच्या आतल्या मऊ भागाचा तुकडा हळदीच्या पाण्यात बुडवा. पिवळा राहिला तर ठीक. लालसर झाला तर आम्लारी उरली आहे, पुढच्या घाण्यात सोडा कमी करा.