लोंबकळून मेलेली अळी आणि ताठून मेलेली अळी

भाद्रपदात चोपडा-यावलकडे मक्याच्या पोंग्यात मेलेली लष्करी अळी सापडते, पुढे थंडीत हरभऱ्याच्या शेंड्यावर मेलेली घाटेअळी. दोन्ही वेळा शेतकरी म्हणतो, "औषध लागलं." पुष्कळदा औषधाचा काही संबंध नसतो, अळी रोगाने मेलेली असते. पण दोघींचा रोग एक नाही.

हरभऱ्यातली अळी बहुतेक एनपीव्ही या विषाणूची शिकार असते. ती खाणं सोडते, फिकट पडते, शेंड्याकडे चढते आणि मागच्या पायांनी फांदी धरून उलटी लोंबकळते. आत सगळं पाणी झालेलं असतं. काडीने डिवचलं की कातडी फाटून घाण वासाचा द्रव गळतो. वर चढण्यात फायदा विषाणूचा: द्रव खालच्या पानांवर सांडतो, ती पानं दुसरी अळी खाते. हा विषाणू पोटातूनच शिरतो, म्हणून फवारा अळी जिथे खाते तिथे बसायला हवा. उन्हात तो लवकर निकामी होतो, तेव्हा फवारणी सायंकाळीच. बाटलीवरच्या 'एलई'चा हिशोबही अळीवरच बेतलेला आहे: एक एलई म्हणजे ढोबळमानाने एका मोठ्या रोगट अळीत सापडणारे, विषाणूने भरलेले 6 अब्ज सूक्ष्म कण.

मक्यातली अळी ताठ, कोरडी, खडूसारखी. आधी पांढरी बुरशी, मग तिच्यावर फिकट हिरवी भुकटी. ही बुरशी म्हणजे मेटारायझियम रायलेई. जुन्या लेबलांवर नोमुरिया. हिला अळीने काही खाण्याची गरज नाही. बीजाणू कातडीला चिकटतो, रुजतो आणि आत घुसतो. मात्र हवेत ओल हवी. म्हणून झडीच्या दिवसांत ती आपोआप पसरते आणि वैशाखाच्या उन्हात फवारली तर पैसे पाण्यात.

पाठीचा कणा नसलेल्या (अपृष्ठवंशी) प्राण्यांच्या रोगांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना 1967 साली स्थापन झाली. तिच्यातही विषाणू आणि बुरशी यांचे वेगळे विभाग आहेत. आपल्याकडे मात्र दुकानात दोन्ही 'जैविक' या एकाच फळीवर, आणि विकणाराही बऱ्याचदा फरक सांगत नाही.

माझ्या मते एनपीव्हीबाबतची सगळ्यात महाग चूक पीक ओळखण्यातली नसून अळी ओळखण्यातली आहे. घाटेअळीचा एनपीव्ही लष्करी अळीवर चालत नाही; तिचा विषाणू वेगळा. हरभऱ्यात लोंबकळलेल्या अळ्या गोळा करून, पाण्यात ठेचून, फडक्याने गाळून त्याच हरभऱ्यावर मारता येतात, मक्यातल्या लष्करी अळीवर नाही. अळी लहान असतानाच फवारा मारा. मोठी झालेली अळी मरेपर्यंत घाटे पोखरत राहते.

बुरशीचं पथ्य निराळं. शेतात पांढऱ्या-हिरव्या अळ्या दिसत असतील तर त्या आठवड्यात बुरशीनाशक मारू नका, आणि काल बुरशीनाशक मारलेला पंप नीट धुतल्याशिवाय त्यात मेटारायझियम ओतू नका.