कोलेस्टेरॉल
कोलेस्टेरॉल : प्राण्यांच्या पेशीपटलांत आढळणारा, मेणासारखा पांढरट, पाण्यात न विरघळणारा स्टेरॉल वर्गातील पदार्थ. त्याच्या रेणूत २७ कार्बन, ४६ हायड्रोजन व एक ऑक्सिजन अणू असतात. पित्ताम्ले, मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींतील कॉर्टिसॉल आणि स्त्री-पुरुषांची लैंगिक हॉर्मोने शरीर त्यापासूनच तयार करते. मेंदूत त्याचा साठा विशेष मोठा असतो. गरजेपुरते कोलेस्टेरॉल शरीर स्वतः बनवते, त्यामुळे ज्याने जन्मात अंडे-मांस खाल्लेले नाही त्याच्याही रक्तात ते असतेच. व्यवहारात ‘मला कोलेस्टेरॉल आहे’ असे आजाराचे नाव घेतल्यासारखे म्हटले जाते. तेथे अभिप्रेत असते ते रक्तातील त्याचे वाढलेले प्रमाण.

शोध व नामकरण : हा पदार्थ प्रथम पित्तखड्यांत सापडला. श्रेय बहुधा पूलत्ये द ला साल या फ्रेंच वैद्याला दिले जाते. त्याचे काम मुख्यतः समकालीन रसायनज्ञांच्या उल्लेखांतून माहीत असल्याने कालाबद्दल एकवाक्यता नाही. काही ग्रंथांत १७५८च्या सुमाराचे, तर काहींत १७६९ हे वर्ष मिळते. निर्विवाद पुरावा फ्रेंच रसायनज्ञ मीशेल शेव्ह्रल याच्यापासून सुरू होतो. पित्तखड्यातील हा पदार्थ पोटॅशबरोबर उकळला तरी त्याचा साबण होत नाही, म्हणजे तो नेहमीची चरबी नव्हे, हे त्याने दाखवले आणि ग्रीक ‘खोले’ (पित्त) व ‘स्टेरेओस’ (घन) या शब्दांवरून त्याला ‘कोलेस्टेरीन’ म्हटले (१८१५, काही ठिकाणी १८१६). १८५९ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ बर्तेलो याने हे अल्कोहॉल असल्याचे सिद्ध केल्यावर नावाच्या शेवटी ‘ऑल’ आले. रेणूच्या रचनेवरील कामासाठी हाइन्रिख वीलांट व आडोल्फ व्हिंडाउस यांना अनुक्रमे १९२७ व १९२८ची नोबेल पारितोषिके मिळाली. मात्र त्या वेळी मान्य झालेली रचना चुकीची होती. क्ष-किरण स्फटिकचित्रणाच्या आधारे ती १९३२ मध्ये दुरुस्त झाली.

रोहिणीविकाराशी संबंध : व्हिंडाउसने १९१० मध्ये रोगट महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) भित्तीत कोलेस्टेरॉलची एस्टर संयुगे निरोगी भित्तीपेक्षा २० पटींहून अधिक असल्याचे नोंदवले. त्याआधी १९०८ मध्ये रशियात इग्नातोव्हस्की याने सशांना मांस, दूध व अंडी चारून त्यांच्या रोहिण्यांत (धमन्यांत) विकार निर्माण केला होता. पण दोष प्रथिनांचा, असे त्याचे मत होते. सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय अनिचकोव्ह याने १९१३ मध्ये प्रश्न निकालात काढला. अंड्याच्या बलकापासून वेगळे काढलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून त्याने काही सशांना दिले, तर इतरांना नुसते तेल. पहिल्या गटाच्या रोहिण्यांत पिवळसर थर साचले, दुसऱ्याच्या नाही. ससा निसर्गतः कोलेस्टेरॉल खातच नाही आणि कुत्रा व उंदीर यांच्यात हा परिणाम मिळेना, हा आक्षेप मात्र बरीच दशके टिकून राहिला. आक्षेप रास्त होता. पण मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांनी १९७३-७४ मध्ये एलडीएल (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कमी घनतेचे कण) पकडणारी पेशींवरील प्रथिने, म्हणजे एलडीएल ग्राही, शोधल्यावर त्याचा जोर ओसरला (नोबेल १९८५). यकृताच्या पेशींवरील हे ग्राही रक्तातील एलडीएल कण आत ओढून घेतात. ते कमी पडले की कण रक्तात रेंगाळतात, रोहिणीच्या भित्तीत शिरतात आणि तेथे विलेप (मेदाचा थर) धरतो.

‘चांगले’ व ‘वाईट’ कोलेस्टेरॉल हे शब्दप्रयोग म्हणूनच सैल आहेत. रेणू एकच, फरक आहे तो त्याला वाहून नेणाऱ्या प्रथिनयुक्त कणांचा: एलडीएलमधल्याला ‘वाईट’, तर एचडीएल या जास्त घनतेच्या कणांतल्याला ‘चांगले’ म्हणतात. एचडीएल कमी असणाऱ्यांना हृदयविकार अधिक होतो हे निरीक्षण पक्के आहे, परंतु औषधाने एचडीएल वाढवून लाभ होतो असे दिसले नाही. टॉर्सेट्रॅपिब या औषधाची चाचणी तर जास्त मृत्यू आढळल्याने २००६ मध्ये थांबवावी लागली. त्यामुळे ‘चांगले भरपूर आहे, वाईटाची काळजी नको’ हे समाधान धोक्याचे आहे.

गुग्गुळ : सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या (मेद वाढण्याच्या विकाराच्या) वर्णनावरून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात १९६६ मध्ये गुग्गुळ या झाडाच्या डिंकावर प्रबंध सादर केला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्यावरून कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी ‘गुग्गुलिपिड’ हे औषध तयार झाले. भारतातील प्रारंभीचे निष्कर्ष अनुकूल होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ आठवड्यांच्या अमेरिकन चाचणीत मात्र एलडीएल कमी होण्याऐवजी किंचित वाढले. आयुर्वेदातील ‘मेद’ म्हणजेच कोलेस्टेरॉल असे समीकरण मांडले जाते. मेद हा सात धातूंपैकी एक आणि त्याची व्याप्ती मोठी, हे पाहता ते ताणलेले वाटते.

मापन : लिपिड प्रोफाइलमधील (रक्तातील मेदांच्या तपासणीतील) एलडीएलचा आकडा पुष्कळदा प्रत्यक्ष मोजलेला नसतो. फ्रीडवाल्ड यांच्या १९७२च्या सूत्राने, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातील दुसऱ्या एका मेदाचा) पाचवा भाग वजा करून तो काढतात. ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर हे सूत्र लागू पडत नाही. असे रक्तद्रव नळीत दुधासारखे गढूळ दिसते आणि कधी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर वर सायीसारखा थर येतो. भारतीय हृदयरोग संघटनेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नेहमीच्या तपासणीसाठी उपाशी राहण्याची गरज नाही. सर्वसाधारण व्यक्तीचे एलडीएल दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत, मधुमेहासारखी मोठी जोखीम असल्यास ७०च्या आत आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांचे ५५च्या आत असावे, असे त्यांत सुचवले आहे.

महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील पाहणीत (भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची आयसीएमआर-इंडियाब, २०१४) सुमारे ७२ टक्के लोकांचे एचडीएल कमी, तर एलडीएल वाढलेले फक्त १२ टक्क्यांच्या आसपास आढळले. एचडीएल कमी असले की एकूण बेरीजही कमी दिसते; एकूण कोलेस्टेरॉलचा एकच आकडा पाहून निश्चिंत होणे आपल्याकडे विशेष फसवे का ठरते, ते यावरून कळते.

नियंत्रण : आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त (सॅच्युरेटेड) व ट्रान्स मेदांचा परिणाम अधिक, संपृक्त मेदाने यकृतातील ग्राहींचे काम मंदावते. तेलाच्या डब्यावरील ‘कोलेस्टेरॉलविरहित’ हे शब्द खरे असतात पण त्यांतून काही कळत नाही, कारण वनस्पतिज तेलांत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. खोबरेल तेलातही नसते, तरी त्यातील बहुतांश मेद संपृक्त असल्याने ते एलडीएल वाढवते. साजूक तूप वा खोबरेल यांच्या जागी करडई, शेंगदाणा यांसारखे तेल बेताने वापरल्यास एलडीएल उतरते. वनस्पती तुपातील ट्रान्स मेदांवर भारतात जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. उसळी, ओट्स, मेथ्या यांतील विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवतात आणि ती पुन्हा बनवण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते. व्यायामाने मुख्यतः ट्रायग्लिसराइड घटते. थायरॉइड मंद असेल तर आधी त्यावर उपचार हवेत.

औषधांत स्टॅटिन प्रमुख होत. जपानचे अकिरा एंडो यांनी सुमारे ६,००० सूक्ष्मजीव तपासल्यावर १९७३ मध्ये क्योटोतील एका धान्याच्या दुकानातील तांदळावरच्या बुरशीत पहिले स्टॅटिन मिळवले. स्टॅटिनामुळे यकृतात कोलेस्टेरॉल कमी बनते, ग्राही वाढतात आणि एलडीएल साधारणपणे ३० ते ५० टक्के उतरते. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून गोळी आपणहून बंद केली की काही आठवड्यांत आकडा पूर्वपदावर येतो. तो नॉर्मल आकडा गोळीमुळेच आलेला असतो.

सुमारे २५० जणांत एकाला एलडीएल ग्राहींतील दोष वारशाने मिळतो. अशांच्या टाचेमागील कंडरेवर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या जाड पट्ट्यावर) कडक गाठी, तर पापण्यांच्या कोपऱ्यात पिवळसर चकत्या दिसू शकतात (चकत्या इतरांतही आढळतात). पथ्याने त्यांचे कोलेस्टेरॉल पुरेसे उतरत नाही. आईवडिलांपैकी एकात हा दोष असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून भावंडांची व मुलांची तपासणी लहानपणीच करतात.