शहरी रेल्वेच्या विस्ताराची पार्श्वभूमी: जुन्या बोगद्यांच्या मापात अडकलेले नवे मार्ग

मेट्रोचा मार्ग वाढवायचा म्हटले की चर्चा भूसंपादन, कर्ज आणि रखडलेल्या मुदती यांच्याभोवती फिरते. या अडचणी खऱ्या असल्या तरी त्यांवर पैसा, कायदा किंवा वेळ यांपैकी काहीतरी उपाय असतो. बोगद्याचा व्यास, वळणाची त्रिज्या, फलाटाची लांबी, रुळांमधील अंतर आणि विजेचा दाब या गोष्टी मात्र पहिला टप्पा बांधतानाच ठरतात, आणि त्या ठरवणाऱ्यांसमोर चार-पाच स्थानकांचा छोटासा मार्ग असतो. पुढे त्याला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक किलोमीटरला त्या मूळ मापांशी जुळवून तरी घ्यावे लागते किंवा त्यांच्यापासून वेगळे तरी व्हावे लागते. शहरी रेल्वेचा गेल्या सुमारे 160 वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशी या दोन पर्यायांचा इतिहास आहे.

जगातील पहिली भुयारी रेल्वे 10 जानेवारी 1863 रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन या मार्गावर सुरू झाली. ती रस्त्यात उघडा चर खणून आणि तो वरून झाकून बांधलेली होती, तिच्यावर वाफेची इंजिने धावत, आणि साहजिकच धुराला वाट देण्यासाठी तिला जागोजागी उघडे ठेवावे लागे. या पद्धतीला एक मर्यादा होती: शहराच्या दाट भागात इतके रस्ते उखडणे शक्य नव्हते. त्यामुळे विस्तार खोल जमिनीत नेण्याखेरीज मार्ग उरला नाही, आणि खोल बोगद्यात वाफ चालणार नव्हती.

हा पेच 1890 मध्ये लंडनच्याच सिटी अँड साउथ लंडन रेल्वेने सोडवला. अभियंते जेम्स ग्रेटहेड यांच्या ढालीच्या (खोदताना बोगद्याला आधार देणाऱ्या, पुढे सरकणाऱ्या लोखंडी चौकटीच्या) साह्याने खणलेले गोल बोगदे आणि विजेची इंजिने ही तिची वैशिष्ट्ये होती. मात्र हा मार्ग आधी दोराने गाड्या ओढण्याच्या कल्पनेवर आखलेला होता, आणि इमारतींखालून जाण्याचा मोबदला द्यावा लागू नये म्हणून बोगदे शक्यतो रस्त्यांच्या खालून नेले होते. परिणामी शहराकडील अखेरचे स्थानक किंग विल्यम स्ट्रीट येथे तीव्र चढ आणि तितकेच तीव्र वळण एकत्र आले. त्या काळातील विजेच्या इंजिनांना तो चढ जड जाई, आणि स्थानकात सुरुवातीला एकच रूळ असल्याने गाड्या परत फिरवण्यात वेळ जाई. अवघ्या दहा वर्षांत, 1900 मध्ये, मार्ग उत्तरेकडे वाढवताना हे स्थानक कायमचे सोडून द्यावे लागले. नवे भुयार जुन्या अखेरच्या स्थानकाला बगल देऊन काढले गेले.

बोगद्याचा व्यास हे दुसरे दुखणे होते. शहराकडील भागात तो सुमारे 3.1 मीटर होता, म्हणजे नंतर लंडनमध्ये बांधलेल्या खोल मार्गांपेक्षाही कमी, त्यामुळे शेजारच्या मार्गाला जोडून एकच सलग सेवा चालवायची तर आधी बोगदे रुंद करणे भाग होते. ते काम 1922 ते 1924 या काळात झाले आणि व्यास सुमारे 3.56 मीटर करण्यात आला. काही काळ रात्री खोदकाम आणि दिवसा वाहतूक असा प्रयत्न झाला, पण नोव्हेंबर 1923 मध्ये बोगद्याचा एक भाग ढासळल्यावर मार्ग पूर्ण बंद ठेवावा लागला. चालू मार्गावर काम करताना होणारी ही ओढाताण शंभर वर्षांनंतरही संपलेली नाही. आज हा भाग लंडनच्या भुयारी जाळ्यातील नॉर्दर्न लाइनच्या पोटात आहे.

अन्य शहरांत माप लहान ठेवण्यामागे कधी काटकसर होती, तर कधी राजकारण. पॅरिसमध्ये 1900 साली मेट्रो सुरू झाली तेव्हा मोठ्या रेल्वे कंपन्यांनी ती ताब्यात घेऊ नये अशी महापालिकेची इच्छा होती. शासनाने रुळांमधील अंतर प्रमाणित ठेवण्याचा आग्रह धरला, पण बोगदेच इतके अरुंद बांधले गेले की मुख्य रेल्वेचे डबे आत येऊच शकत नव्हते. हेतू पुरेपूर सफल झाला. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली, कारण उपनगरांतील गाड्या शहराच्या मध्यातून न्यायच्या तर पूर्णपणे नवे, मोठे भुयार खणावे लागले. शातले-ले आल या मध्यवर्ती स्थानकासह आरईआर हे उपनगरीय गाड्यांचे जाळे 1977 मध्ये जोडले गेले. बर्लिनमध्ये अरुंद आणि रुंद अशी दोन प्रकारच्या मार्गिका आजही आहेत. न्यूयॉर्कमध्ये 1904 साली उघडलेल्या पहिल्या भुयारी मार्गासाठी सुमारे 2.7 मीटर रुंदीचे डबे निवडले गेले, तर शहराने खासगी रेल्वे कंपन्यांशी केलेल्या 1913 च्या करारांनंतर वाढलेल्या दुसऱ्या जाळ्यात सुमारे 3 मीटर रुंदीचे डबे आले. एकाच शहरात, एकाच तिकिटावर चालणाऱ्या या दोन विभागांच्या गाड्या प्रवासी सेवेत एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. त्याच शहरातील साउथ फेरी स्थानकाचे वळण इतके तीव्र आणि फलाट इतका आखूड होता की दहा डब्यांच्या गाडीचे पहिले पाचच डबे फलाटाला लागत. त्याऐवजी 2009 मध्ये नवे स्थानक बांधले गेले, 2012 च्या सँडी वादळात ते पाण्याखाली गेले, आणि दुरुस्ती होईपर्यंत तेच जुने, गैरसोयीचे स्थानक पुन्हा उघडावे लागले.

मापे जुळली तरी मार्ग एकमेकांना जोडणे हे वेगळेच संकट ठरते. नवी शाखा जुन्या खोडाला जोडणे बांधकामाच्या दृष्टीने स्वस्त असते आणि प्रवाशांना गाडी बदलावी लागत नाही, म्हणून नियोजनकारांना त्याचा मोह होतो. बर्लिनच्या ग्लाइसड्राइएक येथे तीन बाजूंच्या गाड्या एका उन्नत त्रिकोणावर एकत्र येत. 1908 मध्ये तेथे दोन गाड्यांची धडक होऊन एक डबा खाली कोसळला आणि अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्रिकोण मोडून दोन मार्ग एकमेकांवरून ओलांडणारे स्थानक 1912 पर्यंत बांधण्यात आले: गाड्या वेगळ्या राहिल्या आणि बदलण्याचे कष्ट प्रवाशांकडे गेले. टोरंटोने 1966 मध्ये दोन मार्गांच्या गाड्या एकमेकांत मिसळून चालवण्याचा प्रयोग केला आणि त्याच वर्षी तो बंद केला, कारण एका मार्गावरील विलंब लगेच संपूर्ण जाळ्यात पसरत होता. त्यासाठी बांधलेला बे स्थानकाचा खालचा फलाट अजूनही प्रवासी वाहतुकीविना पडून आहे. वॉशिंग्टनमध्ये 2014 साली सिल्व्हर लाइन सुरू झाली तेव्हा ब्लू लाइनसोबत वापरायच्या सामाईक रॉसलिन बोगद्यातून तासाला 26 गाड्यांपेक्षा जास्त नेता येत नसल्याने ब्लू लाइनच्या फेऱ्या कमी कराव्या लागल्या. उपनगरातील नव्या स्थानकांची खरी किंमत अशी शहराच्या मध्यभागी, दुसऱ्याच प्रवाशांनी चुकवली.

याच्या उलट टोकाला टोकियो आहे. तेथे 1960 मध्ये आसाकुसा या भुयारी मार्गाशी केइसेई या खासगी रेल्वेची गाडी थेट जोडण्यात आली, आणि त्यासाठी केइसेईने आदल्या वर्षी आपल्या रुळांमधील अंतर 1372 वरून 1435 मिलिमीटर करून घेतले होते. पुढे बहुतेक नवे भुयारी मार्ग उपनगरीय रेल्वेच्या मापानेच बांधले गेले. 1927 चा गिन्झा मार्ग मात्र लहान बोगद्यामुळे आणि वरच्या तारेऐवजी तिसऱ्या रुळातून घेतलेल्या विजेमुळे या व्यवस्थेबाहेर राहिला. अशा थेट सेवेत दूरच्या उपनगरात झालेला बिघाड शहराच्या पोटात पोहोचतो. जपानी कंपन्यांनी हा धोका पत्करला तो वेळापत्रकाच्या कडक शिस्तीच्या भरवशावर. ती शिस्त नसलेल्या शहराने केवळ नकाशा पाहून हे अनुकरण करू नये, असे मला वाटते.

नवा बोगदा खणण्याऐवजी जुन्यातूनच जास्त गाड्या सोडायच्या तर प्रश्न सिग्नल यंत्रणेवर येतो. पॅरिसच्या आरईआर ए मार्गावर 1989 मध्ये आलेल्या यंत्रणेने दोन गाड्यांमधील अंतर अडीच मिनिटांवरून दोन मिनिटांवर आणले, आणि लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनवर 2017 पासून गर्दीच्या वेळी तासाला 36 गाड्या धावू लागल्या. इतक्या कमी अंतरावर खरी मर्यादा फलाटावर असते: दारे उघडून प्रवासी चढ-उतार करण्यात दहा सेकंद जास्त गेले तरी मागची गाडी बोगद्यात थांबते. विस्तारासोबत नवी यंत्रणा आणणे आकर्षक वाटते, पण लंडनच्या ज्युबिली लाइनचा विस्तार 1999 मध्ये उघडताना नियोजित आधुनिक यंत्रणा बाजूला ठेवून जुन्या पद्धतीचे सिग्नल बसवावे लागले. गाड्यांचे स्वयंचलित नियंत्रण तेथे 2011 मध्ये आले. लंडनच्याच एलिझाबेथ लाइनच्या गाड्यांना तर वेगवेगळ्या भागांत तीन प्रकारच्या यंत्रणांशी जुळवून घ्यावे लागते, आणि डिसेंबर 2018 मध्ये अपेक्षित असलेला तो मार्ग मे 2022 मध्ये उघडण्यामागे हे एक मोठे कारण होते.

पुढची वाढ गृहीत धरून बांधण्याची उदाहरणेही आहेत. पॅरिसच्या मार्ग 14 चे फलाट 1998 मध्येच आठ डब्यांसाठी बांधले होते आणि गाड्या सहा डब्यांच्या धावत होत्या. विस्तार झाल्यावर 2020 पासून आठ डबे आले. दिल्लीत चार डब्यांपासून सुरुवात करून काही मार्गांवर आठ डब्यांपर्यंत जाता आले, तेही फलाट आधीच लांब असल्यामुळे. याउलट व्हँकुव्हरच्या 2009 मध्ये उघडलेल्या कॅनडा लाइनचे बहुतेक फलाट 40 मीटर लांबीचे ठेवले गेले आणि दक्षिणेकडील दोन्ही शाखांच्या टोकांना एकच रूळ टाकण्यात आला. बांधकामाचा खर्च आटोक्यात राहिला, प्रवासी मात्र अपेक्षेपेक्षा लवकर वाढले. फलाट 50 मीटरपर्यंत वाढवता येतात. त्यापलीकडे जायचे तर भुयारी स्थानकांच्या भिंतीच फोडाव्या लागतील, आणि तेही गाड्या चालू ठेवून.