बिल्डरच्या इमारतीतलं म्हाडाचं घर: अर्ज कुणाकडे, कागदं कोणती?

पुण्याकडच्या वाघोली किंवा ताथवड्यातल्या एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या सेल्स ऑफिसात जाऊन "म्हाडाची घरं आहेत का?" असं विचारलं, तर बहुधा नुसता ब्रोशर हातात पडतो. त्यात नवल नाही. ही घरं बांधतो बिल्डर, करारही त्याच्याशीच होतो. पण घर कुणाला द्यायचं हे तो ठरवत नाही. ते म्हाडाच्या पुणे मंडळाची संगणकीय सोडत ठरवते, म्हणून अर्जही म्हाडाकडेच करायचा. म्हणूनच 'आतून सेटिंग' लावून देणाऱ्या एजंटला रुपयाही देऊ नका.

२०१३ च्या नियमाप्रमाणे दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या गृहप्रकल्पात २० टक्के चटईक्षेत्र (बांधकामाचं क्षेत्र) छोट्या घरांसाठी ठेवावं लागतं. ही घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी असतात. पुणे महानगर क्षेत्रात नवरा-बायकोचं मिळून वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प गट.

हडपसर, खराडी, वडगाव इथले महापालिकेचे प्रकल्प वेगळे. ते प्रधानमंत्री आवास योजनेतले. त्यात केंद्राचं दीड लाख आणि राज्याचं एक लाख अनुदान मिळतं, मात्र देशात कुठंही तुमचं पक्कं घर नसावं लागतं.

आता कागदं. आधार, पॅन, अधिवास दाखला (डोमिसाइल), उत्पन्नाचा पुरावा (आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा दाखला), राखीव गटातून अर्ज असेल तर जातीचा दाखला. लग्न झालेलं असेल तर जोडीदाराचंही आधार आणि पॅन. २०२३ पासून ही पडताळणी सोडतीनंतर नव्हे, आधीच होते. त्यामुळे 'नंबर लागला की बघू' म्हणणारे आता अर्जापर्यंतसुद्धा पोचत नाहीत.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. आधारवर सासरचं आडनाव आणि पॅनवर माहेरचं, किंवा एकीकडे 'सुनीता' तर दुसरीकडे 'सुनिता'. माणूस तोच, सिस्टीमला मात्र दोन वाटतात. दुसरी अडचण जुन्या अधिवास दाखल्याची. बारकोड नसेल तर सरळ नवा काढा. आधारला जोडलेला मोबाईल चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतो.

अनामत रक्कम ऑनलाइन भरायची. घर लागलं नाही तर ती परत येते, म्हणून खातं स्वतःचंच द्या. घर लागलं तर किमतीशिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च धरून ठेवा. इमारत अजून उभी राहत असेल तर महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख बघा. घरभाडं आणि हप्ता एकदमच किती महिने भरावा लागेल, याचा हिशेब तिथूनच लागतो.

झोपडवस्तीत राहणाऱ्यांची वाट निराळी. येरवड्यात केंद्राच्या जुन्या योजनेतून २७० चौरस फुटांची घरं जागच्या जागी बांधली गेली, तेव्हा स्पार्क आणि महिला मिलन या संस्था महापालिकेसोबत होत्या. तुमच्या वस्तीत अशी संस्था काम करत असेल, तर आधी तिच्याकडच्या सर्वेक्षणाच्या यादीत आपलं घर आहे का, ते बघून घ्या.